जेट्टीवर ग्रुप फुटतो, तो फुटू द्यावा

प्रश्न थोडक्यात असा. पुण्यातल्या चौदा जणांचा ग्रुप, बहुतेक बुलेट आणि हिमालयन, शनिवारी ताम्हिणीमार्गे हरिहरेश्वर करून दापोलीकडे निघाला. बागमांडल्याला जंगलजेट्टीसाठी, म्हणजे खाडीपार गाड्या नेणाऱ्या बोटीसाठी, कारची लांब रांग होती. पुढचे पाच जण रांगेच्या कडेने थेट धक्क्यावर गेले, मागून येणाऱ्या नऊ जणांसाठी जागा अडवून उभे राहिले आणि तिकिटंही चौदा बाइकची काढली. मग कारवाल्यांशी बाचाबाची झाली. एवढं करून बोटीवर नऊच बाइक चढल्या. आता विचारणाऱ्याला दोन गोष्टी हव्या आहेत: दुचाकी रांग सोडून पुढे नेणं चूक आहे का, आणि सगळा ग्रुप एकाच बोटीतून न्यायची रीतसर पद्धत कोणती?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर धक्का, बोट आणि दिवस बघून बदलतं. दुसऱ्याचं बदलत नाही. अशी रीतसर पद्धत नाही आणि ती शोधायलाही जाऊ नये. रस्त्यावर चौदा जणांचा ग्रुप असतो. धक्क्यावर पोचलं की त्या चौदा सुट्या दुचाकी असतात आणि प्रत्येकीचा नंबर ती स्वतः पोचल्यावर लागतो. ग्रुप एकत्र ठेवायची गरज ग्रुपची आहे. तिची किंमत तासभर उन्हात थांबलेल्या कुटुंबाने का मोजावी?

खरं सांगायचं तर भांडण बाइक पुढे गेल्यामुळे क्वचितच होतं. कारवाल्यालाही दिसत असतं की चार कार घेतल्यावर कडेला जी वीतभर जागा उरते, तिथे दुचाकीच मावते. त्याचा संयम सुटतो तो जागा धरण्यावर. पाच बाइक गेल्या, ठीक. पण मग सहावी, सातवी, आठवी येते, "आमचाच ग्रुप आहे" म्हणत घुसते, आणि आपल्या पुढे नक्की किती जण आहेत हेच त्याला कळेनासं होतं. तिकिटांचंही तेच. जो अजून म्हसळ्यात चहा पितोय त्याचं तिकीट काढणं म्हणजे त्याला न येताच रांगेत उभं करणं. तिकीट काढायचं ते हजर बाइकचं. एकाने खिडकीवर जाणं सोयीचं असतं, जरूर जावं, पण हजर असलेल्यांचे गाडी नंबर आणि मागे बसलेल्यांची संख्या लिहून घेऊन. पैसे सुटे आणि रोख जवळ असावेत. खाडीकाठी मोबाइलचं नेटवर्क ऐन वेळी दगा देतं आणि मागे लोक खोळंबतात.

आता बाइक पुढे न्यायची का, हे. बोट भरण्याचं काम खलाशी आणि धक्क्यावरचा माणूस करतात, आणि ते आल्या क्रमाने भरत नाहीत. आधी जड गाड्या, टेम्पो, मोठ्या एसयूव्ही अशा लावतात की बोट एका कुशीवर कलू नये, नाकात किंवा शेपटीत बसू नये. मग लहान कार, आणि फटी उरतील तिथे दुचाकी. काही बोटींवर उलटं करतात, दुचाकी आधी घेऊन एका कडेला दाबून लावतात आणि मग कार आत येतात. काही ठिकाणी दुचाक्यांची रांगच वेगळी असते. गर्दी नसलेल्या बुधवारी कुणी कशालाच विचारत नाही. त्यामुळे "दुचाकी पुढे" हा नियमही नाही आणि गुन्हाही नाही. तो त्या माणसाचा त्या वेळचा निर्णय आहे.

म्हणून पद्धत अशी ठेवावी. ग्रुपने रांगेच्या शेवटी थांबायचं, इंजिनं बंद करायची. लीडने बाइक तिथेच ठेवून, हेल्मेट काढून, चालत पुढे जायचं आणि विचारायचं, "दादा, दुचाकी पुढे घेताय की लाइनीतच थांबू? आम्ही सहा बाइक आहोत." इथे चालत जाणं महत्त्वाचं आहे. बाइक घेऊन विचारायला गेलात तर रांगेतल्या प्रत्येकाच्या दृष्टीने तुम्ही आधीच घुसलेले असता, आणि तो माणूस "लाइनीत थांबा" म्हणाला तर त्या अरुंद उतारावर बाइक वळवत बसावं लागतं. सिग्नलला कारच्या फटींतून झिरपत झेब्रा क्रॉसिंगपर्यंत पोचणं ही आपल्या पुण्याची सवय. ती अंगात इतकी भिनलेली असते की धक्क्यावरही हात आपोआप तसेच वळतात.

तो "पुढे या" म्हणाला, तर पुढे जाताना पहिल्या एक-दोन कारच्या खिडकीशी थांबून एक वाक्य बोलावं: "काका, दुचाकी वेगळ्या घेतायत म्हणून पुढे जातोय, तुमची जागा जात नाही." याने निम्म्या कपाळावरच्या आठ्या उतरतात. पुढे आधीच उभ्या असलेल्या दुचाक्यांच्या मागे उभं राहायचं, शेजारी नाही. तो "लाइनीत" म्हणाला, तर लाइनीत: एका कारच्या जागेत दोन बाइक शेजारी आणि त्यांच्या मागे दोन. मधली फट दिसली म्हणून सरकायचं नाही. आणि त्याने "चार द्या" म्हटलं तर चारच जायचं. पाचव्याने "मी पण त्यांच्यातलाच" म्हणू नये.

चौदा बाइकना किती जागा लागते याचा हिशोब बरेच जण करत नाहीत. साधी हॅचबॅक चार मीटरच्या आत लांब आणि पावणेदोन मीटरच्या आत रुंद. बाइक दोन मीटरहून थोडी जास्त लांब, हँडलजवळ ऐंशी सेंटीमीटरच्या आसपास रुंद. हँडल मागेपुढे करून दाटीने लावल्या तर एका कारच्या जागेत चार बसतात. दोन्ही बाजूंना पेट्या किंवा फुगलेल्या सॅडलबॅग असतील तर रुंदी मीटरभर होते आणि त्याच जागेत जेमतेम दोन. म्हणजे चौदा बाइक साडेतीन कारची जागा खाणार की सात कारची, हे तुमच्या सामानावर ठरतं. छोट्या बोटीवर हा फरक फार मोठा आहे. पेट्या पटकन निघणाऱ्या असतील तर काढून कडेला ठेवण्याची तयारी दाखवा.

धक्क्यावर जे स्कूटरवाले थेट पुढे जातात त्यांच्याकडे बघून आपला मोर्चा मागे लावू नये. ती माणसं रोजची असतात. पलीकडच्या शाळेत शिकवणारे, दवाखान्यात जाणारे, मासळीच्या पाट्या घेऊन बाजार गाठणाऱ्या बायका. दापोली आणि गुहागर या दोन तालुक्यांच्या मधे दाभोळ-धोपावे बोट आहे. ती हुकली तर खेड-चिपळूणमार्गे शंभर किलोमीटरच्या वर फेरा पडतो. आपल्यासाठी बोट ही सहलीतली गंमत आहे, त्यांच्यासाठी तो रस्ताच आहे. त्यांना आधी जाऊ देण्यात मोठेपणा वगैरे काही नाही.

उभं कुठे राहायचं, याबद्दल मात्र मी ताठर आहे. रॅम्पच्या उतारावर कुणीही थांबायचं नाही, फोटोसाठीसुद्धा. बोट लागली की आधी गाड्या वर येतात. भरलेली कार ओल्या चढावर वर येताना तिला एक वेग लागतो. मधे बाइकचा घोळका दिसला की चालक दचकून ब्रेक लावतो. तिथून पुन्हा निघताना चाकं जागच्या जागी फिरतात आणि गाडी मागे घसरते, मागे दुसरी गाडी असते. येणाऱ्या गाड्यांना वर वळण घ्यायलाही जागा लागते, म्हणून रॅम्पच्या तोंडाशी एक बाजू पूर्ण मोकळी हवी. धक्क्यावर होणारे बरेचसे अपघात अशा दोन-तीन मीटरच्या उतावळेपणातून होतात.

हा रॅम्प किती घातक असेल ते भरती-ओहोटीवर आहे, आणि ते घरून निघतानाच कळू शकतं. भरतीच्या वेळी बोट वर लागते, चाकाखाली कोरडं, खरखरीत काँक्रीट असतं. ओहोटीला ती खाली लागते आणि रोज दोनदा पाण्याखाली जाणारा पट्टा उघडा पडतो. काळपट हिरवा, शेवाळाचा, खाचांमधे गाळ भरलेला. कोकणातला जुना हिशोब आहे: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची वेळ ढोबळमानाने मिळते. अष्टमीला सहा वाजता भरती, म्हणजे दुपारी बाराच्या सुमारास ओहोटी. पौर्णिमा-अमावास्येला सव्वाअकराच्या आसपास भरती, म्हणजे संध्याकाळी पाच-साडेपाचला ओहोटी, आणि उधाणाचे दिवस असल्यामुळे पाणी इतर दिवसांपेक्षा जास्त खाली गेलेलं. पुण्याला परतणाऱ्यांची गर्दी नेमकी रविवारी दुपारनंतरची. पौर्णिमा-अमावास्येच्या आगेमागे आलेल्या रविवारी त्या वेळी धक्क्यावर असाल, तर सगळ्यात बुळबुळीत रॅम्प आणि सगळ्यात लांब रांग दोन्ही एकदम मिळतील. चांगला करार नाही तो. सकाळची बोट धरावी.

बोटीकडे रॅम्प उतरताना मागे बसलेल्याने उतरून चालत जायचं, याला अपवाद नाही. पहिला गिअर, क्लच पूर्ण सोडलेला, इंजिनच्या ओढीवर बाइक हळू खाली. लागलाच तर मागचा ब्रेक हलका. पुढच्या ब्रेकला हात नाही. शेवाळावर पुढचं चाक अडकलं की सावरायला वेळच मिळत नाही, आणि एबीएस (चाक जाम होऊ न देणारी ब्रेकची यंत्रणा) असलं तरी अशा पृष्ठभागावर त्याच्या भरवशावर राहू नका. कारच्या चाकांनी जिथे शेवाळ घासलं गेलंय त्या पट्ट्यातून जा, मधल्या भागातून नाही. मधे शेवाळही असतं आणि गळलेलं तेलही. काँक्रीट संपून बोटीचा लोखंडी रॅम्प सुरू होतो तिथे कडा असते आणि बोटीबरोबर ती वरखाली होत असते. ती सरळ, काटकोनात ओलांडायची, तिरकी नाही, आणि त्या कडेवर थांबायचं तर अजिबात नाही. ओल्या लोखंडावर एकदम रेस नको, एकदम ब्रेक नको.

आणि एका वेळी एकच बाइक. पुढची सपाट डेकवर पोचेपर्यंत मागच्याने वर कोरड्यावर थांबायचं. ग्रुपमधे हेच सुटतं. सगळे ओळीने निघतात, तिसरा घसरतो आणि चौथ्या-पाचव्याला भर उतारावर ब्रेक लावावा लागतो. एकाच्या घसरण्यात तीन बाइक आडव्या होतात. क्रम लावायचा तर सगळ्यात सरावलेला पहिला. तो बाइक लावून परत रॅम्पच्या तोंडाशी येऊन उभा राहतो आणि नवख्यांना हात देतो. सुमारे दोनशे किलोची बाइक कलायला लागली की एकट्याने धरायच्या भानगडीत पडू नका. हात काढून घ्या, पाय काढून घ्या, पडू द्या, मग दोघांनी उचला.

डेकवर पोचलं की खलाशी दाखवेल तिथे, शेवटपर्यंत आत. मित्राच्या शेजारी जागा मिळावी म्हणून तोंडाशी थांबणारा माणूस पूर्ण बोट अडवतो. निवड तुमच्यावर सोडली असेल तर उजव्या कठड्यापासून सुरुवात करून डावीकडे भरत या. साइड स्टँड डावीकडे असतं, म्हणून बाइकला धोका असतो तो उजवीकडे आडवं होण्याचा, आणि उजवीकडे कठडा असला तर ती त्याला टेकते. शिवाय बसायला-उतरायला डावी बाजू मोकळी लागते. शेवटी लागलेली बाइक अशा रचनेत आधी निघते. प्रत्येक बाइक शेजारच्यापेक्षा थोडी पुढे-मागे, म्हणजे हँडल एकमेकांत अडकत नाहीत.

मेन स्टँडचा मोह टाळा. हलत्या डेकवर, उचललेल्या चाकाची बाइक साइड स्टँडवरच्यापेक्षा सहज कलते. साइड स्टँड, हँडल डावीकडे, आणि गाडी पहिल्या गिअरमधे. न्यूट्रलमधे ठेवलेली बाइक बोट पुढे झुकली की स्टँड मिटवून पुढे जाते. पुढच्या ब्रेकचा लिव्हर रबराने किंवा वेल्क्रो पट्टीने बांधून ठेवला तर आणखी बरं. स्कूटरला गिअर नसतो, तिथे मागच्या ब्रेकचा म्हणजे डावा लिव्हर बांधणं गरजेचंच. ओल्या, नक्षी उठवलेल्या पत्र्यावर स्टँडचा पाय सरकतो. जुन्या टायरचा तळहाताएवढा तुकडा खाली टाकला की काम झालं. हँडल लॉक करू नका आणि बाइकपासून लांब जाऊ नका. खलाश्याला ती चार इंच सरकवावी लागली तर मालक वरच्या मजल्यावर सेल्फीत दंग नको.

खाडीतल्या बोटींना एवढं पुरतं. वेश्वी-बागमांडला ही सावित्रीची खाडी, दाभोळ-धोपावे वाशिष्ठीची, तवसाळ-जयगड शास्त्रीची. आगरदांडा-दिघीची राजपुरी खाडी मुखाशी रुंद आहे, वारा असेल तर तिथे हेलकावे जास्त जाणवतात, म्हणून तिथे बाइकवर एक हात ठेवून उभं राहावं. भाऊचा धक्का ते मांडवा ही रो-रो मात्र वेगळ्या जातीची. 2020 साली सुरू झालेली, मोठी, मुंबई बंदराच्या रुंद पाण्यातून जाणारी. तिथे आधी आरक्षण करून जायचं असतं, त्यामुळे रांगेतल्या शिष्टाचाराचा प्रश्नच कमी. पण बाइक बांधायला पट्टे आहेत का हे विचारून घ्यावं.

बोटीवर इंजिन बंद, आणि पलीकडचा रॅम्प पूर्ण खाली टेकेपर्यंत बंदच. चौदा बुलेट एकदम सुरू करून गुरगुरत ठेवल्या की मागच्या कारमधल्या लहान मुलांच्या नाकात तो धूर जातो. सायलेन्सर बदललेला असेल तर आणखी काही बोलायची गरज नाही. सिगारेट नाही. पाठीवरच्या बॅगेचा छातीवरचा पट्टा प्रवासभर सोडून ठेवा आणि लाइफ जॅकेट कुठे टांगलीत ते चढल्या चढल्या बघून घ्या. जाड जॅकेट, बूट आणि घट्ट बांधलेली सॅक अंगावर असताना पाण्यात पडलेल्या माणसाला पोहता येऊन उपयोग नाही.

उतरतानाही खुणेनेच निघायचं, एकेक करून, पहिल्या गिअरमधे, एका लयीत, मधे न थांबता. आणि वर आल्यावर थांबायचं नाही. हे ग्रुपना सगळ्यात जड जातं. पहिला वर येतो, कडेला लावतो, मागच्यांची वाट बघतो, दुसरा त्याच्या शेजारी, आणि पाच मिनिटांत रॅम्पचं तोंड बंद. पलीकडच्या किनाऱ्यावर बोटीसाठी थांबलेली रांगही तिथेच असते, आणि कोकणातल्या या गावांचे रस्ते एका टेम्पोपुरते रुंद. जमायची जागा आधीच ठरवा, गावाबाहेर किमान एक किलोमीटर, जिथे रस्त्याच्या पूर्ण बाहेर उभं राहता येईल अशी. दाभोळला धक्क्याजवळच जुनी दगडी मशीद आहे. तिच्या आवारात किंवा कुणाच्या अंगणात "पाचच मिनिटं" म्हणून बाइक लावू नयेत.

मग चौदा जणांनी जायचं कसं? पुण्यातच फोडून. चांदणी चौकात निघतानाच तीन तुकड्या: पाच, पाच आणि चार. प्रत्येक तुकडीचा स्वतःचा लीड, स्वतःचा शेवटचा माणूस, स्वतःची हवा भरायची पंप आणि पंक्चरचं सामान. स्पोक चाकांच्या ट्यूबवाल्या बाइक असतील तर ट्यूब आणि टायर लिव्हरही त्याच तुकडीत. एका तुकडीला दुसरीची गरजच पडली नाही, तर धक्क्यावर कुणासाठी जागा धरायची वेळ येत नाही. दोन तुकड्यांमधे निदान अर्ध्या तासाचं अंतर ठेवा. पाच बाइक कुठल्याही बोटीच्या फटीत मावतात आणि कारवाल्याच्या डोळ्यांवरही येत नाहीत. पाचातले तीनच घेतले तरी बिघडत नाही. लीड पहिल्या बोटीने जातो, शेवटचा माणूस शेवटच्या बाइकबरोबर थांबतो, एकटं कुणी मागे राहत नाही. सगळे भेटतात ते दुपारच्या जेवणाला, दापोलीत किंवा आंजर्ल्यात, धक्क्यावर नाही.

उरली शेवटची बोट. तिची वेळ प्रत्येक ठिकाणी वेगळी, हंगामाप्रमाणे बदलणारी, म्हणून त्याच दिवशी फोन करून विचारायची आणि तिच्या आधीची निदान दुसरी बोट डोळ्यांसमोर ठेवून निघायचं. तरी उशीर झालाच, आणि खलाशी म्हणाला की दोनच घेतो, तर "दादा, अॅडजस्ट करा ना" हे चालू करू नका. अंधारात, लाटेत, भार बघून त्याने दिलेला तो नकार आहे. अशा वेळी मी त्या तुकडीतल्या कुणालाच चढू देणार नाही. दोघं पलीकडे आणि तिघं अलीकडे अशा रात्रीपेक्षा पाचही जण अलीकडेच राहिलेले बरे. हरिहरेश्वर आणि श्रीवर्धनला राहायची सोय मिळते. रस्त्याने वळसा घ्यायचा विचार असेल तर सावित्रीवरचा आंबेत-म्हाप्रळ पूल त्या वेळी सुरू आहे ना, हे आधी विचारा. तो दुरुस्तीसाठी बराच काळ बंद राहिलेला आहे. सुरू असला तरी दिवसभर बाइक चालवून थकल्यावर तो वळणावळणाचा रस्ता रात्री घेऊ नका. पलीकडे पोचलेल्या तुकड्यांना फोन करा आणि सकाळच्या पहिल्या बोटीला रांगेत उभे राहा.